पियू माजघरात आहे

१

कडेगावात स्टँडच्या मागं, खताच्या दुकानावरच्या माडीत शंभूराजचं ऑफिस होतं. ऑफिस कसलं, एक खोली, दोन टेबलं, कोपऱ्यात वायरींची भेंडोळी आणि भिंतीवर एक भलामोठा टीव्ही. शंभूराज गावोगाव इंटरनेटची वायर ओढून द्यायचा. ज्या घरात वायर जाई त्या घरात एक पांढरा राउटर बसे, आणि तो राउटर दिवसभर या खोलीला आपली खबर कळवत राही. किती तापलाय, किती फोन जोडलेत, कुठला फोन किती लांब आहे, कोण किती ओढतंय. पूर्वी ही सगळी खबर आकड्यांत यायची. टीव्हीवर खालून वर नुसते आकडे सरकत आणि कुणाला काडीचं कळत नसे. शंभूराजला तर मुळीच नाही, पण मालक असल्यामुळं तो मान डोलवायचा.

शेवटी एक दिवस तो वैतागला. "हे माझ्या बापाला कळंल असं काय तरी कर," तो प्रियदर्शनीला म्हणाला. "गिऱ्हाईक विचारतंय, नेट का चालंना. आन मी त्याला हे आकडं वाचून दाखवू व्हय?"

प्रियदर्शनी त्याच्याकडं कामाला होती. कराडला शिकलेली, डोक्यानं तल्लख, आणि हाताला काम नसलं की नखं कुरतडत बसणारी. तिनं बसून त्या आकड्यांची वाक्यं केली. राउटर तापला की टीव्हीवर येई, 'डबा तापला आहे. वरचं फडकं काढा.' कारण आपल्याकडं बायका राउटरलासुद्धा विणलेलं फडकं पांघरतात, आणि काही घरी तर त्याला हळदकुंकूही लागलेलं असतं. वायर तुटली की 'घराशी संपर्क नाही.' आणि फोनांचं तर तिनं फारच गोड करून ठेवलं. वायरमन घरात गेला की माणसांची नावं विचारून एकेका फोनला लावायचा, खोल्याखोल्यांतून फिरून अंतरं टिपायचा. मग आकड्यांच्या जागी येई, 'आई उठली. आई स्वयंपाकघरात आहे.' ही वाक्यं घरच्या टीव्हीवर दिसत, आणि घरच्यांची हरकत नसली तर परगावच्या पोराच्या मोबाइलवरही जात. आता या भागात घरटी एक पोरगा फौजेत नाहीतर मुंबईत. कुठंतरी बर्फात उभा असलेला जवान 'आई उठली' एवढं वाचून ड्यूटीवर जायचा. रोज फोन करायची त्याला गरज उरली नाही, आणि पोरगा फोन का करत नाही हे आईला कळलं नाही. पण धंदा वाढला, आणि धंदा वाढला की सगळं बरोबरच असतं.

ऑफिसात आल्या आल्या, पर्स खाली ठेवायच्या आधी, प्रियदर्शनी एक ओळ बघायची. 'आबा उठले.' थोड्या वेळानं, 'आबा अंगणात आहेत.' मग तिला चहा गोड लागायचा.

आबा म्हणजे तिचे वडील, लालासाहेब. सुभेदार होऊन फौजेतून घरी आलेले, जवळच्याच गावात उसाच्या मळ्यात राहणारे. बायको लवकर गेली, तेव्हापासून घर पोरीनंच, त्यांच्या पियूनंच चालवलं. आबांची भाकरी पियू थापणार, आबांचा चहा पियू करणार, आबांना झोप लागेना तर उशाशी बसून बडबड पियू करणार. आणि या पियूनं लग्न केलं ते माणदेशातल्या, दहिवडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या इंद्रजितशी. पोरगा शिकलेला, नोकरीला लागलेला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण आबांनी पोरगा विचारलाच नाही, आडनाव विचारलं. आणि ज्या दिवशी तिचं लग्न लागलं त्या दिवशी मळ्यातल्या विहिरीवर जाऊन पोरीच्या नावानं आंघोळ केली.

तोंडानं म्हणतात ती आंघोळ नव्हे. खरीच. माणूस मेल्यावर करतात तशी, घागर डोक्यावर ओतून. ओल्या कपड्यांनी घरी आले, दिवस पाळले, शेवटी भाताचं पान ठेवलं. जिवंत पोरीचं. तिला हे सगळं तिच्या धाकट्या भावानं, राजवर्धननं, फोनवर रडत सांगितलं होतं. त्यानंतर आबा तिच्याशी बोलले नाहीत. ती एकदा दारापर्यंत गेली तर आबा तिच्यातून आरपार बघत बसले होते. पुढं राजवर्धनची बदली सरहद्दीवर झाली, त्यानं घरी वायर घेतली, आणि आबा तिच्या ऑफिसच्या भिंतीवर आले.

तिचं मागणं काही फार नव्हतं. आबा आहेत तोवर एकदा त्यांनी दार उघडावं आणि आत ये म्हणावं. एवढ्यासाठी ती रोज ती ओळ वाचत होती, आणि माणूस उठतंय, फिरतंय म्हणजे अजून वेळ आहे असं स्वतःला समजावत होती.

२

राजवर्धनचा फोन आला तेव्हा ती डबा खात होती.

"ताई, लय बरं केलंस बघ," तो म्हणाला. आवाज भरून आलेला.

"काय केलं?"

"आता माझ्यापासनं बी लपवणार व्हय? मला येतोय की मेसेज. 'पियू घरात आहे.' पहिल्यांदा आला तवा मी जेवत व्हतो, ताट ठिवलं आन भायेर गेलो. बराकीत सगळ्यास्नी दाखवला. म्हनलं आमच्या घरचं मिटलं एकदाचं."

प्रियदर्शनीच्या हातात घास तसाच राहिला. आपण गेलो नाही, असं सांगायला तिनं तोंड उघडलं होतं.

"आबा बोलत्यात ना तुझ्याशी नीट?" तो विचारत होता. "का आजून गुरगुरत्यात? ताई, मी लय भ्यालो व्हतो गं. म्हनलं मी हितनं परत जाईस्तवर आबा एकटंच..." आणि तो रडायलाच लागला.

"बरे बोलतात," ती म्हणाली. तिच्या तोंडातून गेलं ते. भाऊ बर्फात उभा आहे आणि आनंदानं रडतोय, अशा वेळी खरं बोलायला काळीज दगडाचं लागतं. ते तिच्या वडिलांना मिळालं होतं, तिला नाही.

फोन ठेवला आणि तिनं आबांची ओळ उघडली. दुपारी ती कधी उघडायची नाही. दुपारी आबा झोपतात, फोन उशाशी पडलेला असतो, बघण्यासारखं काही नसतं. आज दोन वाक्यं होती.

'आबा माजघरात आहेत. पियू माजघरात आहे.'

तिनं आपला फोन बघितला. तो डब्याशेजारी पडला होता, झाकणाला टेकून.

३

वाक्यं तिनंच लिहिलेली. त्यामुळं ती घाबरली नाही, चिडली. आपल्या हातच्या कामात चूक निघाली की तिला भयंकर राग यायचा. राउटर आकडे पाठवतो, आकड्यांना ज्याचं नाव लावलं असेल त्याचं वाक्य होतं. म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी फोनला तिचं नाव लावलं होतं. आणि ते घर ज्यानं जोडलं तो वायरमन नानासो, खाली टपरीवर चहा पीत बसला होता.

"मीच लावलं," नानासो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "आबास्नी इचारलं, घरात कोनकोन हाय? म्हनले, मी आन माझी पोरगी. मी म्हनलं बरं. दोन नावं घातली."

"आणि फोन? नुसतं नाव घालता येत नाही, फोन जोडल्याशिवाय पुढं जातच नाही ते."

"दोन फोन दिसत व्हते की. एक आबांचा. दुसरा उरला, त्याला तुझं नाव लावलं."

"दुसरा कुणाचा?"

"आता मला काय म्हाईत? माझा न्हवता, माझा मी बंद करूनच घरात जातो, न्हाईतर घोळ व्हतो." त्यानं बशीत चहा ओतला. "तुझाच जुना आसंल कपाटात पडल्याला. घरात तर कोन न्हवतं. म्हातारा आन मी."

प्रियदर्शनीला एकदम हलकं वाटलं. जुना फोन. खरंच तिचा एक जुना फोन होता, लग्नाआधीचा, काच तडकलेला. तो घरी राहिला असणार, राजवर्धननं कधीतरी चार्जिंगला लावला असणार आणि तो बिचारा कपाटात पडून आपला वायफाय धरून बसला असणार. आबांनी पोरगी म्हणून नाव सांगितलं, ही गोष्ट तर तिनं मनात दहा वेळा उलटून बघितली. पोरगी म्हणाले. मेलेल्या माणसाचं नाव कोणी घरात राहणाऱ्यांत सांगतं का? म्हातारा विरघळतोय. संध्याकाळी ती घरी गेली ती पायऱ्या गाणं गुणगुणतच चढली.

सासू दहिवडीहून आठ दिवसांसाठी आली होती. हरणाबाई नाव तिचं. उभा जन्म मेंढरांमागं चाललेली बाई, फ्लॅटमध्ये तिचा जीव गुदमरायचा, म्हणून गॅलरीत पाय पसरून बसायची. आताही बसली होती, आणि कानाशी फोन धरून दूरच्या कुठल्यातरी वाड्यावरच्या बहिणीशी मोठमोठ्यानं बोलत होती. फोनची काच तडकलेली होती.

"तो फोन..." प्रियदर्शनी म्हणाली.

"तुझाच की," हरणाबाई म्हणाली. "लगीन झाल्यावर तूच दिलास न्हवं का मला? आजून चालतोय."

४

मग ती दुपारीही बघायला लागली. आधी जेवणाच्या सुट्टीत, मग काम सोडून. शंभूराजच्या लक्षात येत होतं.

तिला जे दिसलं त्याला आकड्यांच्या भाषेत काहीच अर्थ नव्हता. कुठलाही फोन घराकडं येतो तेव्हा आधी अंगणात दिसतो, मग सोप्यात, मग आत. हा फोन अंगणातून आलाच नव्हता. तो एकदम माजघरात उगवायचा. आणि कुठलाही फोन गप्प बसत नाही, काही ना काही मागवत असतो, जाहिराती, फोटो, हवामान. या फोननं आजवर एक अक्षर मागवलं नव्हतं. नुसता हजर असायचा. आबा स्वयंपाकघरात गेले की स्वयंपाकघरात, आबा आडवे झाले की माजघरात. आबा अंगणात गेले तर मात्र तो उंबऱ्याच्या आत थांबायचा.

ती स्वतःशी वाद घालत बसायची. नानासोचं मोजमाप चुकलं असेल. शेजारच्या वस्तीवरचा कुणाचा फोन पकडत असेल. मळ्यात काम करणारी बाई असेल, आबांना भाकरी करून देत असेल, तिच्या फोनला आपलं नाव लागलं असेल. ही शेवटची गोष्ट तिला पटायला लागली होती. पण मग तिनं आबांच्या टीव्हीची ओळ बघितली. आबा जेवून टीव्हीवर बातम्या लावणारे, फौजेची सवय, घर पडलं तरी बातम्या चुकणार नाहीत. आताशा दुपारी त्यावर बातम्या नसायच्या, नुसत्या घरच्या ओळी असायच्या. दुपारी आबांना बोलायला कुणीतरी मिळालं होतं.

आणि खरं सांगायचं तर तिला भीतीच्या आधी मत्सर वाटला. ती भाकरी करणारी बाई कोण, जिच्यासाठी आबा बातम्या बंद करतात? तिनं रागारागानं त्या फोनवरचं आपलं नाव काढून टाकलं. नाव नसलेल्या फोनला जे वाक्य जातं ते आपोआप गेलं, 'घरात एक अनोळखी फोन आहे.'

अर्ध्या तासात शंभूराजचा फोन वाजला. तो वायरींत हात घालून बसला होता, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"कोन शंभूराज का? सुभेदार बोलतोय."

दोन वर्षांनी तो आवाज तिच्या कानावर आला. प्रियदर्शनी खुर्चीत ताठ झाली.

"बोला आबा," शंभूराज म्हणाला, आणि तिच्याकडं बघून गप्प राहा अशी खूण केली.

"तुमचा तो टीव्ही काय बी दावतोय. म्हनतोय, घरात अनोळखी हाय. माझी पोरगी अनोळखी? नाव कुनी काढलं तिचं?"

"आबा, पोरगी म्हंजे..."

"पियू. हितंच हाय घरात. तिनं बी वाचलं ते. तोंड एवढंसं झालंय तिचं."

आबांच्या आवाजात इतकी माया होती की प्रियदर्शनीचे डोळे भरून आले. आणि त्या मायेच्या मागं, फोनमध्ये लांबून, भांडी घासल्याचा आवाज येत होता. कुणीतरी भांडी घासत गुणगुणत होतं. सूर वर जायच्या जागी गुणगुणणं थांबायचं, श्वास घेतल्यासारखं, आणि मग पुढचा सूर सोडून देऊन त्याच्या पुढनं सुरू व्हायचं. ही खोड तिची होती. शाळेत बाई हसायच्या तिला त्यावरून. तिनं तोंडावर हात दाबला, कारण एक क्षण तिला वाटलं की गुणगुणतोय ते आपणच.

"लावतो आबा नाव. चूक झाली," शंभूराज म्हणाला आणि फोन बंद केला.

 खाली दुकानात कुणीतरी युरियाची पोती मोजत होतं.

"म्हातारं झालंय मानूस," शंभूराज शेवटी म्हणाला. तिच्याकडं न बघता. "एकटं ऱ्हातंय. भास व्हत्यात. तुजीच आठवन काढतोय म्हन की. नाव लावून टाक, प्रियदर्शनी. कुनाचं काय जातंय?"

तुला आवाज आला का, हे तिनं त्याला विचारलं नाही. त्यानं उत्तर दिलं असतं तर काय करायचं होतं? तिनं कीबोर्ड पुढं ओढला आणि त्या फोनला आपल्या हातानं आपलं नाव लावलं. लगेच वाक्य बदललं. 'पियू स्वयंपाकघरात आहे.'

५

"उद्या जा आणि बघून ये," इंद्रजित म्हणाला. जेवणं चालली होती. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं होतं, मध्ये एकदाही हसला नव्हता. "कोणी बाई असली तर बरंच आहे. नसली तर आबांना डॉक्टरकडं न्यायला लागेल. मी येतो."

"तू नको. तुला बघून पुन्हा भडकतील. मी एकटी जाते."

हरणाबाई भाकरीचा तुकडा आमटीत चुरत होती. लेकाची आणि सुनेची फोनबिनाची भाषा तिला कळत नव्हती, पण बाकी सगळं कळत होतं.

"तुज्या नावानं आंगुळ केली म्हनत्यात, ती नुसती बोलायची का खरी?" तिनं विचारलं.

"खरी."

"आन पान ठिवलं व्हतं?"

"हो. भाताचं. भाऊ म्हणाला."

"कावळा शिवला?"

"आई, आता हे कशाला?" इंद्रजित म्हणाला.

"इचारू दे की मला. शिवला का?"

"लगेच शिवला म्हणे," प्रियदर्शनी म्हणाली. राजवर्धनला त्याचंच जास्त वाईट वाटलं होतं. पान ठेवून आबा मागं वळतायत तोवर कावळा उतरला होता.

"लगीच?" हरणाबाईनं परत विचारलं. मग तिनं चुरलेली भाकरी तशीच ताटात ठेवली. हात धुऊन ती गॅलरीत जाऊन बसली, आणि सून मागनं गेली तेव्हा तिच्याकडं न बघताच म्हणाली, "जाऊ नगंस बाई. म्हातारा सुखात हाय न्हवं? आसू दे. तू हितं हाईस, हितंच ऱ्हा."

"माझे वडील आहेत ते, आत्या."

"व्हते," हरणाबाई म्हणाली. तिला सुनेला दुखवायचं नव्हतं, ती बाई तशी नव्हतीच. तिनं तिचा हात हातात घेऊन उगाच चोळत ठेवला.

६

दुपारची वेळ. ऊस उभा वाढलेला, त्यामुळं मळ्याच्या वाटेवर वारा नाही आणि माणूसही दिसत नाही. स्कूटी तिनं ओढ्याशी लावली आणि चालत निघाली. वाटेवर साळूबाई भेटली, शेजारच्या वस्तीवरची, जिच्या मांडीवर ती लहानपणी खेळली होती. साळूबाई वैरणीचा भारा घेऊन येत होती. तिला बघून ती थांबली, आणि दोन वर्षांनी माहेरी आलेल्या पोरीला बघून बाई जशी भारा टाकून धावत येईल, तसं तिनं काही केलं नाही. नुसती कपाळाला आठ्या घालून मागं, घराकडं बघितलं.

"आत्ता तर खिडकीत व्हतीस," साळूबाई म्हणाली. "हिकडनं कशी आलीस गं?"

"मी आत्ताच येतीय मावशी. कडेगावहून."

साळूबाईनं तिच्याकडं बघितलं, पुन्हा घराकडं बघितलं. मग तिनं पदर दातात धरला आणि वाट सोडून उसातून निघून गेली. पानं बराच वेळ सळसळत राहिली.

घर होतं तसंच होतं. पत्रा, पुढं कोबा, दाराला निळा रंग. फक्त स्वच्छ होतं. अंगण झाडलेलं, सडा टाकलेला, तुळशीला पाणी घातलेलं. दोन वर्षं म्हाताऱ्यानं एकट्यानं सांभाळलेलं घर असं दिसत नाही. दार आतून बंद होतं. आतून कांद्याच्या फोडणीचा वास येत होता आणि त्यात थोडं जास्त तिखट पडलं होतं, तिच्याकडून नेहमी पडायचं तेवढं. आबा तेवढंच तिखट खायचे. तिला रडू कोसळलं. ती इथवर भीत भीत आली होती, पण दाराशी उभी राहिल्यावर भीती कुठल्या कुठं गेली, आणि राहिलं ते एवढंच, की हे माझं घर आहे आणि मला आत जायचं आहे.

तिनं कडी वाजवली.

"कोन हाय?" आबा.

"आबा, मी आहे. पियू."

 आत फोडणीचा आवाज थांबला. मग आबा दाराजवळ आल्याचं तिला कळलं, त्यांच्या गुडघ्यातून आवाज यायचा. दाराच्या पलीकडं, हातभर अंतरावर ते उभे होते.

"आवं बाई," आबा म्हणाले, "पियू आत हाय. तुमी कुठल्या?"

आबांनी तिला जन्मात कधी तुमी म्हटलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तरी तिनं आनंदानं घेतल्या असत्या. ही बोली परक्या बाईशी बोलायची होती, आदबीची, आणि त्यात राग औषधालाही नव्हता.

"आबा, असं करू नका. दार उघडा. मला एकदा बघा, मग हाकला."

"कशाला हाकलू? मला कुनाचा राग न्हाई आता." आबा थांबून थांबून, समजावून सांगत होते. "माझी पोर गेली व्हती बाई. ह्या हातानं पानी घातलं तिच्या नावानं. लय चुकलो. आंगुळ करून आलो आन तवाच कळलं लय चुकलो, पन पानी घातल्यालं माघारी येतं व्हय? दिसभर रडायचो. मग एक दिस सांच्याला चुलीपशी बसल्याली दिसली. म्हनली, आबा, भाकरी करू का."

"आबा, मी मेले नाही. मी जिवंत आहे. मी कडेगावात आहे, तुमच्यापासून इथं हाकेवर. आजवर तिथंच होते. तुम्ही एकदा बोलवायचं होतं."

 आबा विचार करत असावेत. तिनं दाराला कपाळ टेकलं होतं, आणि तिला खात्री वाटत होती की आता कडी निघणार.

"जित्या आसाल," आबा शेवटी म्हणाले. "पन मग तुमी माझ्या न्हाई. माझी ती गेल्याली हाय."

गुडघ्यांचा आवाज दारापासून लांब गेला. आत गेल्यावर आबांचा आवाज बदलला, मऊ झाला, लहानपणी तिला ताप आला की व्हायचा तसा. "उनाचं आल्यात त्या. पानी दे गं त्यास्नी खिडकीतनं. इन्मुख कशाला लावायचं कुनाला?"

दाराशेजारची खिडकी उघडी होती. आत अंधार होता, बाहेरच्या उन्हामुळं जास्तच. गजांमधून एक हात बाहेर आला, हातात पाण्याचा तांब्या. हात कोपरापर्यंत ओला होता आणि त्यावरून पाणी निथळत होतं, भांडी घासताना भिजतो त्याहून कितीतरी जास्त. नखं कुरतडलेली होती. प्रियदर्शनीनं तो हात ओळखला. आपलाच हात माणूस ओळखणार नाही तर कुणाचा?

तिनं वर, हाताच्या मागं बघितलं. गजांपलीकडं ओले केस दिसले, आणि केसांखाली एक तोंड तिच्याकडं बघत होतं. त्या तोंडावर वैर नव्हतं. दया होती. दारात आलेल्या उपाशी माणसाकडं घरातली पोर बघते तशी. प्रियदर्शनीनं मान खाली घातली आणि तांब्या घेतला. काय करावं ते तिला सुचत नव्हतं, म्हणून ती पाणी प्याली. पाणी त्यांच्याच विहिरीचं होतं, किंचित मचूळ. तिनं रिकामा तांब्या परत दिला आणि तो हात आत गेला.

"प्याल्या का?" आतून आबांनी विचारलं. मग बाज करकरली, ते आडवे झाले असावेत. "पियू, खिडकी लाव गं. ऊन आत यायलंय."

"व्हय आबा," प्रियदर्शनी म्हणाली. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, पायरीवरूनच.

आतून खिडकीची कडी लागली.